चेतापेशी ग्लियाच्या तंतूवरून चढते म्हणजे नेमके काय होते?

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. दहावीच्या वर्गात चेतापेशीची आकृती मी इतक्या वेळा फळ्यावर काढली आहे की डोळे मिटूनही ती काढता येईल. पण ती पेशी मेंदूत जिथे असते तिथे आली कशी, हा प्रश्न मला गेल्या महिन्यापर्यंत कधी पडला नव्हता.

तो पडण्याचे कारण घरातले आहे. माझ्या मावसभावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपासून फिट येतात. एमआरआय काढल्यावर अहवालात असे लिहून आले की चेतापेशींच्या स्थलांतरात दोष राहिला असून मेंदूच्या बाह्यकाखाली, म्हणजे कॉर्टेक्सखाली, पेशींचा आणखी एक पट्टा दिसतो आहे. ज्या रुग्णालयात हा अहवाल हाती पडला, तिथल्या गर्दीत त्याचा अर्थ समजावून सांगायला कोणाला वेळ झाला नाही. घरी मात्र अर्थ सांगणारे पुष्कळ निघाले. वहिनी पाच महिन्यांची गरोदर असताना ग्रहणात विळीवर बसली, म्हणून असे झाले, असे मुलीच्या आजीचे ठाम म्हणणे आहे, आणि वहिनी ते ऐकून गप्प बसते.

मी वाचायला घेतले तेव्हा एवढे कळले की गर्भाच्या मेंदूत चेतापेशी एका ठिकाणी जन्मतात आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन वसतात, आणि अरीय ग्लिया नावाच्या पेशी त्यांना वाट दाखवतात. पुढे मात्र घोटाळा झाला. वाट दाखवते म्हणजे ही ग्लिया काय करते? ओढून नेते, की काही रासायनिक खूण देते, की नुसती उभी असते? कुठे थांबायचे हे चेतापेशीला कोण सांगते? आणि एका ठिकाणी ग्लिया ही चेतापेशीची वाटाडी असल्याचे लिहिले होते, तर दुसऱ्या ठिकाणी ती चेतापेशीची आई असल्याचे. यांतले खरे कोणते? माझ्या मनात सध्या जे चित्र आहे ते कणकुंबीकडे नारळ उतरवणाऱ्या माणसाचे आहे: हात वर टाकायचे, खोडाला मिठी मारायची आणि मग पाय ओढून घ्यायचे. हे चित्र कितपत बरोबर आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

टिळकवाडीकर यांचे उत्तर:

ताई, मी बेळगावात शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालो. ऊतींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून जे डोळ्यांना दिसते तिथूनच सुरुवात करतो.

गर्भाच्या मेंदूची भिंत सुरुवातीला अगदी पातळ असते. तिच्या आतल्या बाजूला द्रवाने भरलेली पोकळी असते आणि बाहेरच्या बाजूला मेंदूचे नाजूक आवरण. पेशी वाढतात त्या पोकळीच्या कडेला. अरीय ग्लियाचे केंद्रकही तिथेच, पोकळीजवळ असते. तिचा एक आखूड पाय पोकळीच्या कडेवर टेकलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने एक लांब, केसासारखा तंतू निघून थेट बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतो. भिंत जाड होत जाते तसा हा तंतूही लांबत जातो. चाकाच्या आऱ्या जशा तुंब्यापासून धावेपर्यंत जातात तसे हे तंतू सगळीकडे पसरलेले असतात, म्हणून त्यांना अरीय म्हणायचे. गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या चांदीच्या रंजनात हा तंतू पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर रेघेसारखा उठून दिसतो आणि त्या रेघेवर मध्येच कुठे तरी एक लांबट फुगवटा असतो. माझ्या विद्यार्थ्यांना तो फुगवटा रंगाचा डाग वाटायचा. इटलीच्या माजिनी यांनी १८८८ मध्येच असे फुगवटे पाहून ठेवले होते आणि त्या स्थलांतर करणाऱ्या चेतापेशी असाव्यात असा तर्क केला होता. पण नुसत्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने त्याची शहानिशा होण्यासारखी नव्हती.

ती झाली १९७१ आणि १९७२ मध्ये. पास्को राकिच यांनी हार्वर्डमध्ये ऱ्हीसस माकडाच्या गर्भाचे मेंदू घेऊन अतिशय पातळ छेदांची ओळच्या ओळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि एकामागून एक छेद जुळवून पेशींचे आकार पुन्हा उभे केले. आधी अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, आणि मग प्रमस्तिष्कात, म्हणजे मोठ्या मेंदूत, त्यांना दिसले की प्रवासाला निघालेली चेतापेशी ग्लियाच्या तंतूला अंगभर चिकटलेली असते. वाटेत तिला इतर पेशींचे असंख्य तंतू आडवे येतात, त्यांना ती ओलांडते, पण आपला तंतू सोडत नाही. हे काम किती चिकाटीचे होते ते ज्याने एकदा तरी असे छेद जुळवले आहेत त्यालाच कळेल.

आता अशा तंतूची गरजच काय, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर कॉर्टेक्सच्या बांधणीत आहे. कॉर्टेक्सला सहा थर असतात आणि ते आतून बाहेर भरत जातात. अँजव्हीन आणि सिडमन यांनी १९६१ मध्ये उंदरांवर किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, वापरून हे दाखवले: जी पेशी ज्या दिवशी जन्मते त्या दिवसाची खूण तिच्या डीएनएत राहते, आणि अशा खुणा मोजल्या तर आधी जन्मलेल्या पेशी खोल थरांत आणि नंतर जन्मलेल्या वरच्या थरांत सापडतात. म्हणजे उशिरा जन्मलेल्या प्रत्येक पेशीला आधी वसलेल्या वस्तीतून वर चढायचे असते. अगदी पहिल्या पेशींना तंतूवर चढत जावे लागत नाही. तेव्हा भिंत इतकी पातळ असते की त्या स्वतःचाच लांब धागा वर टेकवून अंग वर ओढून घेतात. पण भिंत काही मिलिमीटर झाली की गोष्ट बदलते. पेशीचे अंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे आणि प्रवास पाच मिलिमीटरचा धरला, तर तो तिच्या अंगाच्या पाचशे पट होतो, आणि तोही दाटीवाटीतून. तासाला मिलिमीटरचे काही शतांश एवढीच तिची चाल असते.

म्हणून ‘वाट दाखवते’ हा शब्दप्रयोग मला पूर्वीपासून खटकत आला आहे. वाटाड्या पुढे चालतो आणि वळणावर हात करतो. ही पेशी जागची हलत नाही, ती स्वतःच वाट असते. ग्लिया हे नाव तर आणखी दिशाभूल करणारे आहे. विर्खो यांनी १८५६ मध्ये मेंदूतल्या या मधल्या द्रव्याला न्यूरोग्लिया म्हटले, कारण ग्लिया म्हणजे डिंक, आणि चेतापेशींना चिकटवून धरणारे सारण एवढीच तेव्हा त्याची समजूत होती. माझ्या वर्गातल्या कन्नड घरांतल्या मुलांना मी ‘अंटु’ म्हणून सांगत असे. शब्द लगेच समजायचा आणि त्याबरोबर चुकीची कल्पनाही मनात बसायची.

मलप्रभाकाठ:

सर, आपण फार उलगडून सांगितलेत, मनापासून आभार. खालचे मजले आधी भरतात आणि वरच्या मजल्यावर राहायला येणाऱ्याला भरलेल्या मजल्यांतून जावे लागते, हे लक्षात आले. पण तंतू जागचा हलत नसेल तर चेतापेशी त्याला धरते कशाने, स्वतःला वर ओढते कशाने, आणि वरच जायचे, खाली नाही, हे तिला कसे समजते? आई की वाट, हा प्रश्नही अजून उरला आहे.

निपाणीची लेक यांचे उत्तर:

मी मूळची निपाणीची, सध्या बेंगळुरूला चेताजीवशास्त्रात संशोधन करते. टिळकवाडीकर सरांनी पाया घातला आहेच, त्यापुढचे लिहिते.

ताई, आपले नारळाच्या झाडाचे चित्र निम्मे बरोबर आहे. चेतापेशीच्या पुढच्या टोकाला एक निमुळता हात असतो आणि तो तंतूवरून चाचपत पुढे जातो. मात्र चढणाऱ्या माणसाचे हात थांबून थांबून वर जातात, तर या पेशीचा हात बऱ्यापैकी सलग सरकत राहतो. थांबत थांबत, उडी मारल्यासारखे येते ते मागचे केंद्रक. केंद्रक हा पेशीतला सर्वांत अवजड ऐवज असतो आणि खरी मेहनत तोच हलवण्यात जाते. हाताच्या मुळाशी एक फुगवटा येतो, सेंट्रोसोम, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्मनलिका नावाच्या बारीक नळ्या जिथून निघतात ते केंद्र, आधी त्यात सरकते, मग सेंट्रोसोमपासून केंद्रकापर्यंत पसरलेल्या सूक्ष्मनलिकांवरून डायनीन नावाचे प्रथिन केंद्रकाला पुढे खेचते, आणि मागून मायोसिन आकुंचन पावून ढकलते. एलआयएस१ हे प्रथिन डायनीनच्या या कामाला बळ देते आणि डबलकॉर्टिन हे प्रथिन सूक्ष्मनलिकांना स्थिर ठेवते. ही दोन नावे लक्षात असू द्या. आपल्या भाचीच्या अहवालाशी त्यांचा संबंध येऊ शकतो.

धरण्याचे म्हणाल तर एक सुंदर निष्कर्ष २००७ मध्ये आला. चेतापेशी आणि तंतू जिथे टेकतात तिथे कोनेक्सिन ४३ आणि कोनेक्सिन २६ ही प्रथिने असतात. ही प्रथिने एरवी दोन पेशींमध्ये आयन आणि छोटे रेणू जाण्यायेण्याची दारे बनवतात, त्यामुळे इथेही पेशी एकमेकींशी त्या दारांतून काही बोलत असतील असे कोणालाही वाटेल. एलियास, वांग आणि क्रीगस्टाइन यांनी पाहिले की दार बंद राहील असे बदललेले कोनेक्सिन दिले तरी पेशी चढते, पण चिकटण्याचा गुण काढून टाकला की ती चढत नाही. म्हणजे इथे त्याचा उपयोग दारासारखा नाही, पकडीसारखा आहे.

दिशेबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. अनुमस्तिष्कात कणिकापेशी नावाच्या चेतापेशी बाहेरच्या पृष्ठभागावर वाढतात आणि बेर्गमान ग्लियाच्या तंतूवरून आत, म्हणजे खाली उतरतात. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात आहेत आणि त्यांत बहुसंख्य या कणिकापेशीच आहेत, तेव्हा हा अपवाद म्हणून बाजूला ठेवण्यासारखा प्रकार नाही. मेरी बेथ हॅटन यांच्या प्रयोगशाळेत या पेशी काचेच्या बशीत ग्लियावरून सरकताना चित्रित केल्या गेल्या. १९९० मध्ये त्यांनी अदलाबदलीचा प्रयोगही केला: हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या दुसऱ्या भागातल्या चेतापेशी अनुमस्तिष्काच्या ग्लियावर ठेवल्या, अनुमस्तिष्काच्या चेतापेशी हिप्पोकॅम्पसच्या ग्लियावर ठेवल्या, आणि दोन्ही चालू लागल्या. म्हणजे तंतू सगळीकडे जवळपास सारखाच आहे, आणि कोणत्या दिशेने जायचे हे त्याच्या अंगावर लिहिलेले नाही. दिशा चेतापेशीच्या स्वतःच्या घडणीतून आणि सभोवतालच्या रासायनिक खुणांतून ठरते. कॉर्टेक्समध्ये तर नवजात चेतापेशी काही काळ तंतू सोडून पोकळीच्या थोडे वर थांबते, चहूकडे बारीक हात काढून चाचपडते, आणि मग दोन टोकांची सडपातळ होऊन तंतू धरते. स्थलांतर अडखळण्याची एक जागा हीच आहे.

कुठे थांबायचे ते रीलिन या प्रथिनावर पुष्कळसे अवलंबून असते. १९५१ मध्ये एडिनबरोच्या फॉल्कनर यांनी लडखडत चालणाऱ्या उंदरांचा एक वंश नोंदवला आणि त्याला रीलर म्हटले. पुढे दिसले की या उंदरांच्या कॉर्टेक्सचे थर जवळजवळ उलटे झालेले आहेत: उशिरा आलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून जाऊ शकत नाहीत आणि त्यांच्याखालीच साचतात. १९९५ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. रीलिन हे प्रथिन कॉर्टेक्सच्या अगदी वरच्या थरातल्या काहाल-रेत्सियस पेशी स्रवतात. चढणाऱ्या पेशीचा पुढचा हात त्या थरात पोचला की तो तिथे रुततो, पेशी तंतूवरची पकड सोडते आणि उरलेले थोडे अंतर त्या हाताच्याच आधाराने वर येऊन स्थिरावते. आपल्या झाडाच्या चित्रात हे बसवायचे झाले तर शेंड्याजवळ पोचल्यावर माणूस खोड सोडून झावळीला लटकतो, असे काहीसे म्हणावे लागेल.

आता आई की वाट. दोन्ही खरे आहे, आणि मला स्वतःला या विषयाकडे ओढून आणणारी गोष्ट हीच. शंभर वर्षे अशी समजूत होती की चेतापेशींना जन्म देणाऱ्या पेशी वेगळ्या आणि आधार देणाऱ्या वेगळ्या. २००० साली मालातेस्ता, हार्टफुस आणि ग्योट्झ यांनी अरीय ग्लिया वेगळ्या काढून वाढवल्या, तर त्यांच्यापासून चेतापेशी झाल्या. २००१ मध्ये नॉक्टर आणि सहकाऱ्यांनी उंदीरवर्गीय प्राण्याच्या गर्भात एका विषाणूमार्फत हिरवे चमकणारे प्रथिन मोजक्या अरीय ग्लियांत सोडले आणि मेंदूच्या जिवंत कापात तासन्‌तास पाहिले. ग्लिया विभागली, एक लेक चेतापेशी झाली, आणि ती लेक आपल्या आईच्याच तंतूवरून वर चढू लागली. विभाजनाच्या वेळीही आईचा तंतू तुटत नाही, तो ताणलेला राहतो आणि त्यावर आधीच्या लेकी चढत असतात.

एक पुरवणी द्यायला हवी, नाहीतर चित्र अपुरे राहील. कॉर्टेक्समधल्या सगळ्याच चेतापेशी अशा चढत नाहीत. उत्तेजन शमवणाऱ्या चेतापेशी, ज्या उंदरात सुमारे पाचवा हिस्सा असतात, मेंदूच्या तळाकडच्या उंचवट्यांत जन्मून आडव्या वाटेने लांबून येतात. १९९७ मध्ये हे स्पष्ट झाले. त्यांच्या मुख्य प्रवासाला हा तंतू लागत नाही.

वडगावचा विणकर:

मी विज्ञानाचा माणूस नाही. वडगावात आमचे माग आहेत आणि मुलीच्या अभ्यासामुळे हा धागा वाचत आलो. जे वाचले त्यावरून मला हे तंतू ताण्यासारखे वाटतात. ताणा दोन्ही टोकांना घट्ट धरलेला असतो म्हणून त्यावर आडवा धागा नीट बसतो. एक टोक सैल झाले की त्या ठिकाणचे कापड गोळा होते, मग वर कितीही चांगले सूत वापरा, उपयोग होत नाही. तर या तंतूचे आतले किंवा बाहेरचे टोक सुटले, किंवा तो मध्येच तुटला, तर काय होते? आणि ताईंच्या भाचीच्या बाबतीत तंतू तुटला आहे, की तंतू चांगला असून चढणारी पेशीच कमी पडली?

चिकोडीचा डॉक्टर यांचे उत्तर:

विणकर साहेबांनी जो प्रश्न विचारला आहे तोच आम्ही एमआरआय समोर घेऊन स्वतःला विचारतो, म्हणून त्याच क्रमाने उत्तर देतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि फिट येणारी मुले माझ्याकडे नियमित येतात.

बाहेरचे टोक ज्या पातळ पटलावर टेकलेले असते ते पटलच काही आनुवंशिक आजारांत सदोष असते आणि त्याला भोके पडतात. तंतूचे टोक तिथून सुटते आणि चेतापेशी थांबायच्या जागेच्या पुढे, मेंदूच्या बाहेरच्या आवरणात शिरतात. पृष्ठभाग तेव्हा दगडगोट्यांच्या फरशीसारखा ओबडधोबड होतो. आतल्या टोकाशी गडबड झाली, जशी फिलामिन ए या जनुकाच्या दोषात होऊ शकते, तर पोकळीच्या कडेची बैठक विस्कटते आणि पेशींचे गोळे तिथेच, जन्मस्थानीच राहतात. झिकाची साथ आपल्याला आठवत असेल. तो विषाणू या अरीय ग्लियांनाच ग्रासतो, त्यामुळे आईही जाते आणि वाटही, आणि बाळाचे डोके लहान राहते.

मध्येच तुटण्याबद्दल मात्र एक नवल आहे. माणसाच्या गर्भात साधारण निम्मे दिवस भरल्यावर हे तंतू नैसर्गिकपणेच खंडित होतात. पोकळीकडून निघालेले तंतू बाहेरपर्यंत पोचत नाहीत आणि वरचा टप्पा दुसऱ्या प्रकारच्या अरीय ग्लिया सांभाळतात, ज्यांचे शरीर पोकळीपासून दूर, वर असते. २०१० मध्ये माणसात त्यांचे नीट वर्णन झाले आणि २०१६ मध्ये ही दोन टप्प्यांची रचना दाखवली गेली. ताण्याला गाठ मारून पुढे नेण्यासारखे हे आहे असे मी म्हणालो तर विणकर साहेब रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आता भाचीबद्दल. मी तिला तपासलेले नाही, त्यामुळे अहवालातल्या शब्दांवरून जे म्हणता येते तेवढेच म्हणतो. कॉर्टेक्सखाली दुसरा सलग पट्टा दिसतो त्याला ‘डबल कॉर्टेक्स’ म्हणतात आणि मुलीत तो दिसला की पहिला संशय डीसीएक्स या जनुकावर जातो. हे १९९८ मध्ये सापडले आणि निपाणीच्या ताईंनी सांगितलेले डबलकॉर्टिन तेच बनवते. जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि त्यांतला एक बंद ठेवला जातो. कोणता, हे पेशीगणिक वेगळे. ज्या पेशीत चांगला एक्स चालू राहिला ती नीट चढली आणि तिने वरचा कॉर्टेक्स बनवला. ज्या पेशीत सदोष एक्स चालू राहिला ती अर्ध्या वाटेवर थांबली, आणि अशा थांबलेल्या पेशींचा तो दुसरा पट्टा. मुलाकडे एकच एक्स असल्याने त्याच दोषात सगळ्याच पेशी अडतात आणि मेंदूचा पृष्ठभाग वळ्यांशिवाय गुळगुळीत राहतो. १९९३ मध्ये सापडलेल्या एलआयएस१ च्या दोषातही असाच गुळगुळीत मेंदू होतो, पण ते जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे विणकर साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की इथे ताणा मुख्यतः शाबूत असतो, चढणारीचे बळ कमी पडते.

ग्रहणाचे म्हणाल तर मी स्पष्ट लिहितो, कारण माझ्या खोलीतही आया हेच विचारतात आणि विचारताना रडतात. डीसीएक्समधला बदल गर्भ राहण्याच्या आधी बीजांडात किंवा शुक्रजंतूत झालेला असतो, किंवा फार तर गर्भाच्या पहिल्या काही विभाजनांत. पाचव्या महिन्यातल्या विळीने तो झालेला नाही आणि ग्रहणात घरात बसून राहिल्याने तो टळलाही नसता. बाहेरून या प्रवासाला इजा करणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्या. हिरोशिमा आणि नागासाकीच्या किरणोत्सर्गाच्या वेळी जी बाळे गर्भात ८ ते १५ आठवड्यांची होती त्यांच्यात बौद्धिक अपंगत्वाचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले, आणि तो काळ चेतापेशींच्या जन्माचा आणि चढाईच्या भराचा आहे. आईच्या पोटातून पोचणारे मद्य आणि सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग यांनीही स्थलांतर बिघडू शकते.

ताई, जनुकीय तपासणी अवश्य करून घ्या आणि शक्य असेल तर आईवडिलांचीही. बदल मुलीत नव्यानेच झालेला असू शकतो, किंवा आईकडे तो सौम्य रूपात असू शकतो. आईकडे असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलात त्याचे परिणाम फार तीव्र असतात, म्हणून जनुकीय समुपदेशकाशी बोलणे उपयोगाचे ठरते. फिट्सचे औषध स्वतःच्या मनाने कमी करू नका किंवा बंद करू नका.

मलप्रभाकाठ:

सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. काल रविवारी मी मावसभावाकडे गेले होते. डॉक्टरांचे उत्तर मी वहिनीला वाचून दाखवले. निम्मे मराठीत, आणि शेजारच्या कन्नड काकू येऊन बसल्या होत्या म्हणून निम्मे कन्नडमध्ये. मग आम्ही एमआरआयची फिल्म दुपारच्या उजेडात खिडकीच्या काचेला लावली. आता काय पाहायचे ते माहीत असल्यामुळे ते लगेच दिसले: बाहेरून वळ्यावळ्यांचा करडा काठ, त्याच्या आत पांढरी किनार, आणि त्या किनारीच्या आत पुन्हा तसलाच करडा, सरळसोट पट्टा, दोन्ही बाजूंना सारखा. भाची स्वतः शेजारी उभी राहून बोटाने त्यावरून रेघ ओढत होती.

वहिनीने एकच विचारले: अडकलेल्या पेशी अजून वर जाऊ शकतील का? मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून इथेच रात्री विचारले.

चिकोडीचा डॉक्टर:

नाही, ताई. चढाई संपली की कॉर्टेक्समधल्या बहुतेक अरीय ग्लिया आपला लांब तंतू आखडून घेतात आणि तारकापेशी, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी, होतात. तो दोर आता तिथे नाही. पण पट्ट्यातल्या पेशी मेलेल्या नाहीत. त्या जिवंत आहेत, इतर पेशींशी जोडलेल्या आहेत, आणि अशा काही रुग्णांत हात हलवताना वरच्या कॉर्टेक्सबरोबर त्या पट्ट्यातल्या पेशीही सक्रिय होत असल्याचे कार्यदर्शी एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचे काम चालू असताना काढलेल्या एमआरआयमध्ये, दिसले आहे. याच जोडण्यांमुळे फिट्सही येतात, म्हणून आपल्या हातात जे आहे ते औषध वेळेवर देणे, शाळेत शिक्षकांना फिट आल्यावर काय करायचे ते शिकवून ठेवणे, आणि तपासणी.

मलप्रभाकाठ:

सांगितले. वहिनीने पुन्हा विचारून खात्री करून घेतली की पेशी जिवंत आहेत. तपासणीसाठी पुढच्या सोमवारी जायचे ठरले आहे आणि रक्ताचा नमुना तिघांचाही द्यायचा आहे, मावसभावाचाही. आजीही बरोबर येणार आहे.